नागरिकांनी सतर्क राहावे

मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला, सोलापुरात कन्ना चौकाच्या अलीकडच्या रस्त्यावर, माझी करंगळी कुणीतरी धरली. धरली म्हणजे मुठीत घेतली. घामेजलेली, मऊ, लहान मूठ. आईच्या चष्म्याची काडी बसवून घेऊन मी स्कूटीकडे परत निघाले होते. एप्रिलचं ऊन, तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल, खांद्यावर ऑफिसची मोठी पिशवी. खाली बघितलं तर तीन-साडेतीन वर्षांची एक मुलगी. पिवळा फ्रॉक, एका पायात चप्पल. दुसरा पाय डांबरावर टेकवत नव्हता म्हणून वर धरलेला. ती माझ्याकडे बघतही नव्हती. समोर कुठंतरी बघत 'अम्मा, अम्मा' म्हणत होती, आणि माझं बोट मात्र स्वतःचंच असल्यासारखं धरून होती. मी खाली बघितलं आणि लगेच वर बघितलं. हा क्रम मी नंतर पुष्कळदा आठवून तपासला आहे. मुलीकडे मी फार तर एक क्षण बघितलं असेन; त्यानंतर बघितलं ते, आपल्याकडे कोण बघतंय ते. रसवंतीच्या बाकावर तिघं बसले होते. एकाच्या हातात फोन होता. त्याची मान वर आली, फोनवर गेली, परत माझ्यावर आली. तोंड बांधलेली बाई, मोठी पिशवी, हाताशी रडणारं मूल. मी बोट सोडवून घेतलं. हिसडा देऊन नाही. झोपलेल्या माणसाच्या हातातून पेपर काढून घ्यावा तसं, हळूच. आणि चालू लागले.

पंधरा-वीस पावलांवर औषधाचं दुकान होतं, त्याच्या पायरीवर मी थांबले. मनात कारणं तयार होती. आई जवळच असेल तिची. आपण हात लावला तर उगाच गोंधळ होईल, पोरगी आणखी घाबरेल. एक हजार अठ्ठ्याण्णव हा मुलांच्या मदतीचा नंबर मला तोंडपाठ आहे. शहराच्या पानावर चौकटीत मीच तो कितीदा लावला आहे. फोन काढला. मग वाटलं, रडणाऱ्या मुलापासून थोड्या अंतरावर उभी राहून हळू आवाजात फोन करणारी बाई लांबून कशी दिसेल? फोन परत पिशवीत टाकला. मी हेमावती, वय शेहेचाळीस, एका स्थानिक दैनिकात वीस वर्षं शहराचं पान बघते. दर रविवारी 'पडताळणी' नावाचं सदर लिहिते. व्हॉट्सॲपवर फिरणारे फोटो कुठले, कधीचे, खरं काय नि खोटं काय, हे त्यात असतं. लोक फोन करतात, मॅडम चांगलं लिहिता म्हणतात. शाळांतून बोलावतात. मुलांना मी सांगते, आधी विचारा, हे कुणी बघितलं? कधी? कुठं? त्याला कसं कळलं? आणि आता पायरीवर उभी राहून मी स्वतःला एकही प्रश्न विचारत नव्हते. त्या तिघांकडे चोरून बघत होते फक्त.

टोळी नव्हती. हे मला शहरात सगळ्यांच्या आधी माहीत होतं. दहा दिवसांपूर्वी आमच्या वार्ताहरानं बातमी आणली: मुलं पळवणाऱ्या बायका शहरात आल्यात, तोंडाला स्कार्फ असतो, मोठ्या पिशव्या असतात, खाऊ देऊन नेतात. मी तीन पोलीस ठाण्यांत फोन केले. एकही तक्रार नव्हती, एकही मूल हरवलेलं नव्हतं. फिरत होता तो व्हिडिओ दुसऱ्याच राज्यातला, चार वर्षांपूर्वीचा. मी संपादकांना, बिभीषण सरांना, म्हणाले, ही छापायला नको. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "मॅडम, सगळं गाव हेच बोलतंय. आपण गप्प बसलो तर म्हणतील पेपरवाले झोपलेत. तुम्ही तुमच्या पद्धतीनं लिहा की." माझ्या पद्धतीनं म्हणजे मी मथळ्यापुढं प्रश्नचिन्ह टाकलं. 'मुले पळवणारी टोळी शहरात?' मजकुरात 'अशी चर्चा आहे' घातलं. कुठलीही जबाबदारी नको असली की आम्ही घालतो ते वाक्य घातलं: नागरिकांनी सतर्क राहावे. आणि शेवटच्या परिच्छेदात, पोलिसांकडे अशी एकही तक्रार नाही, व्हिडिओ जुना व परराज्यातला आहे. संध्याकाळी एक जाहिरात वाढली. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात, वीस वर्षं मी स्वतः तशीच कापत आले आहे. सकाळी पेपर उघडला तर शेवटचा परिच्छेद नव्हता. मी आरडाओरडा केला नाही. रविवारच्या सदरात सविस्तर लिहीन म्हटलं. रविवारपर्यंत त्या बातमीचा फोटो माझ्याच फोनवर अकरा ग्रुपमधून आला. कुणीतरी तो असा कापला होता की प्रश्नचिन्ह चौकटीबाहेर गेलं होतं. रविवारचं सदर छापून आलं. ते मला कुठल्याच ग्रुपवर आलं नाही.

पायरीवरून मी बघत होते. मुलगी होती तिथंच उभी होती, आता मोठ्यानं रडत. माणसं तिला वळसा घालून जात होती. प्रत्येकाची नजर तिच्यावर पडायची आणि मग इकडं तिकडं फिरायची. माझी फिरली तशीच. म्हणजे सगळ्यांनी बातमी वाचली होती. तेवढ्यात पलीकडच्या बाजूनं एक बाई आली. पन्नाशीची असेल. डोक्यावर पाटी, सुया, बिबे, दाभण, फण्या, मण्यांच्या माळा विकणाऱ्या बायका असतात त्यातली. तिनं पाटी उतरवून खाली ठेवली, पोरीपुढं उकिडवी बसली, पाटीतली लाल फणी तिच्या हातात दिली. पोरगी क्षणभर गप्प झाली. मग त्या बाईनं तिला कडेवर घेतलं, पाटी परत डोक्यावर चढवली आणि चालत चालत ओरडू लागली, "कुनाचं लेकरू हाय वं हे? ए बायांनो, कुनाचं लेकरू हाय?" हाक मारायची सवय असलेला तो आवाज दोन गल्ल्या पलीकडं गेला असेल. मला हायसं वाटलं. खोटं का बोलू, अगदी हायसं वाटलं. झालं, घेतलं कुणीतरी, आता आपण जावं. तेवढ्यात रसवंतीवरचा फोनवाला उठला आणि म्हणाला, "ए बाई, कुठं निघालीस बे?"

पुढचं फार लवकर झालं. तो उठला म्हणून दुसरा उठला. दोघं उभे राहिले म्हणून दोन मोटारसायकली थांबल्या. "कोण हाय बे ही?" "पोरगी कुणाची?" "आधार कार्ड दिखाव." रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं अशी येऊ लागली की जणू कुणीतरी बोलावून ठेवली होती. माझ्यामागून औषधवाल्यानं शटर अर्ध्यावर ओढलं आणि म्हणाला, "मॅडम, आत या. कशाला बघत थांबताय." आणि मी वाकून आत गेले. शटरच्या खालच्या फटीतून उजेडाचा पट्टा आत येत होता आणि त्या पट्ट्यात फक्त पाय दिसत होते. बूट, चपला, सँडल. आधी दहा-बारा, मग मोजता येईनात. मधोमध दोन अनवाणी पाय, भेगा पडलेले, बोटांत जोडवी. ते मागं सरत होते आणि मागंही पायच होते. "सांग, पोरीचं नाव काय? सांग की!" "मला काय म्हाईत दादा? रडत हुतं म्हनून उचललं." "नाव म्हाईत नाही म्हणते बघा." मग चप्प असा आवाज. तो मी आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकला, पण कशाचा ते लगेच कळलं. पाटी पडली. सुयांच्या पुड्या, फण्या, मणी घरंगळत शटरपर्यंत आले. एक निळा मणी आत आला आणि माझ्या चपलेजवळ थांबला. औषधवाल्यानं तो पायानं बाहेर लोटला.

जमाव कसा होतो यावर मी लिहिलं आहे. गर्दीत प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याला खात्री आहे, असं वाक्य लिहिलं होतं आणि ते पुष्कळांना आवडलं होतं. त्या काळोख्या दुकानात, डेटॉलच्या वासात, ते वाक्य मला आठवलं आणि त्याचा काहीच उपयोग झाला नाही. उलट माझं डोकं फार नीट चालत होतं आणि त्याचीच मला भीती वाटत होती. ते हिशेब मांडत होतं: बाहेर साठ-सत्तर माणसं, एकीच्या जागी दोघी मिळाल्या तर ती थांबतील की आणखी चेकाळतील? टोळी म्हणतात, म्हणजे दुसरी हवीच आहे त्यांना. स्कार्फ बांधलेली दुसरी. टोळी खोटी होती, पण बाहेर गेले तर मी टोळीतली होणार हे खरं होतं. म्हणजे भिणं हेच शहाणपणाचं. किती सरळ उत्तर निघालं. आणि मला वडील आठवले. किल्लारीच्या भूकंपानंतरचे दिवस. मी पंधरा वर्षांची. सोलापुरात आमच्या बाळीवेशीतल्या घराच्या भिंतीला नुसती चीर गेली होती, पण गावात रोज नवी वेळ फिरायची: आज चारला पुन्हा होणार, मोठा. माझे वडील, विरुपाक्ष मास्तर, शाळेत विज्ञान शिकवायचे. ते गल्लीत सगळ्यांना समजावत फिरायचे की भूकंपाची वेळ जगात कुणालाही आधी सांगता येत नाही. फळ्यावर काढावी तशी जमिनीच्या थरांची आकृती त्यांनी ओट्यावर खडूनं काढली होती. त्या दिवशीही त्यांनी जेवताना आईला हेच सांगितलं. आणि पावणेचारला उठले, रेडिओ काखेत मारला, माझ्या धाकट्या बहिणीचा हात धरला आणि बाहेर मोकळ्यावर लिंबाखाली जाऊन उभे राहिले. मी विचारलं, अप्पा, इथं का? ते म्हणाले, "घरात उकडतंय." ऑक्टोबरच्या उन्हात ते हे म्हणाले. चार वाजले, सव्वाचार झाले, मग ते आत आले. माझी नजर त्यांनी टाळली आणि मीही परत कधी विचारलं नाही. तेव्हा मला त्यांची कीव आली होती. आता शटरमागं वाटलं की ते निदान धाकटीचा हात धरून उभे होते.

पोरीचं रडणं मध्येच थांबलं. ते चालू होतं त्यापेक्षा थांबल्यावर जास्त भीती वाटली. आणि त्या गलक्यात कुणीतरी मोठ्यानं वाचू लागलं. "हे बघा, पेपरमध्ये आलंय. पेपरमध्ये! 'या महिला तोंडाला स्कार्फ बांधून वर्दळीच्या भागात वावरत असल्याची चर्चा असून...'" ते माझं वाक्य होतं. 'असून' माझा होता; मी वाक्यं तशीच जोडते, बिभीषण सर त्यावरून चेष्टा करतात. वाचणाऱ्याचा आवाजही ओळखीचा होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाईलचं दुकान आहे, त्या दिग्विजयचा. आईच्या गुडघ्यांचं तेल तो स्वतः घरी आणून देतो, अक्कम्मा आजी, पाय कसे आहेत म्हणून विचारतो. तो शाळेत पाठ वाचावा तसं एकेक शब्द नीट वाचत होता. "'नागरिकांनी सतर्क राहावे.' ऐकलं का? सतर्क राहावे." आणि पुन्हा तो आवाज, चप्प. मी शटरखालून बाहेर गेले. धैर्य म्हणून नाही. ते वाक्य ऐकत आत बसवेना एवढंच.

उजेडात डोळे दिपले. मी स्कार्फ सोडला, गॉगल काढला. ओरडायला गेले तर आवाजच येईना. दुसऱ्यांदा आला तो अगदी चिरका. "सोडा तिला! मी बघितलंय, पोरगी एकटी उभी होती!" दोन-तीन जण वळले. एकानं माझा दंड धरला. "ही कोण? ही पण त्यातलीच दिसते." त्याची बोटं दंडात रुतली आणि मला लघवीला झाल्यासारखं वाटलं, ते लिहायला लाज वाटते, पण तसं वाटलं. मी ओळखपत्र वर धरलं. हात इतका थरथरत होता की त्यावरचं कुणाला वाचता आलं नसेल. "ही बातमी मी लिहिलीय. तुम्ही वाचताय ती. टोळी नाहीये. एकही मूल हरवलेलं नाही." मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे पेपरात खोटं छापता व्हय तुमी?" काहीजण हसले. ते हसले म्हणून मी वाचले असं मला अजून वाटतं. दिग्विजयनं मला बघितलं. फोन धरलेला त्याचा हात खाली आला. "ताई, तुम्ही?" मी म्हटलं, "पोरीला विचारा ना कुणीतरी! तेलुगूत विचारा. ती अम्मा म्हणतीय, ऐकू येत नाही का?" तो सगळा तेलुगू विणकरांचा भाग; त्या गर्दीत अर्धी माणसं घरी तेलुगू बोलणारी असतील. सगळ्यांनी त्या बाईला शंभर प्रश्न विचारले होते, पोरीला एकही विचारला नव्हता. शेवटी समोरच्या ओट्यावरून एक म्हातारी उठली. मांडीवरचं विड्यांचं सूप तिनं बाजूला ठेवलं, गर्दीतून वाट काढत आली आणि गर्दीतल्या एकानं उचलून धरलेल्या पोरीची हनुवटी धरून म्हणाली, "बिड्डा, नी पेरेंदि?" पोरीनं हुंदका गिळला आणि नाव सांगितलं. धनलक्ष्मी. म्हातारीनं कपाळावर हात मारला. मागच्याच गल्लीतल्या, यंत्रमाग चालवणाऱ्याच्या घरची नात. शंभर पावलांवर घर.

पोरीची आई धावत आली, ओल्या हातांनी. तोवर गर्दी पातळ झाली होती. कुणी कुणाची माफी मागितली नाही. "पोरींवर लक्ष ठेवायला पाहिजे," एकजण तिच्या आईवरच खेकसला. "सावध राहिलेलं बरंच की," दुसरा म्हणाला. ती पाटीवाली बाई रस्त्यात बसली होती. तिच्या एका कानाची पाळी फाटली होती, रक्त गळ्यावरून पदरात मुरत होतं. डावा हात तिनं उजव्या हातात, दुसऱ्याची वस्तू धरावी तसा धरला होता. आणि रसवंतीवरचा तो फोनवाला, पहिल्यांदा ओरडलेला, खाली वाकून तिच्या फण्या गोळा करत होता, एकेक फुंकर मारून पाटीत ठेवत होता. त्याला बघून मला सगळ्यात जास्त भीती वाटली. औषधवाल्यानं शटर वर केलं. शिरताना आणि निघताना बघितलेलं आतलं घड्याळ परत दिसलं. मी अकरा मिनिटं आत होते.

पोलीस आले, तिला सरकारी दवाखान्यात नेलं. मी ऑफिसात पोचले तेव्हा व्हिडिओ माझ्या आधी पोचला होता. त्यात मी ओळखपत्र उंचावून उभी आहे, केस विस्कटलेले. थरथर दिसत नाही. बिभीषण सर खुर्चीवरून उठले. "मॅडम, जीव वाचवलात हो तुम्ही त्या बाईचा! पहिल्या पानावर घेऊ. तुमच्याच शब्दांत लिहा." मी लिहायला बसले. जे बघितलं तेवढंच लिहायचं, वीस वर्षांची सवय. पण काय बघितलं होतं मी? पाय बघितले होते. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की पहिलं वाक्य 'एक मुलगी रस्त्यात एकटी रडत उभी होती' असं झालंय. ते खरं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. तिच्या एकटं उभं राहण्याच्या आधी अर्धा मिनिट जे घडलं ते फक्त त्यात नव्हतं. मी ते वरून कापलं होतं. आम्ही नेहमी खालून कापतो. वाक्य बदलायला हात कीबोर्डवर नेला आणि दिग्विजयचा फोन आला. "ताई, व्हिडिओत मी दिसतोय. पोलीस आलते दुकानात. मी नुसतं वाचलं ताई, हात नाही उचलला. तुम्ही तिथंच होता, तुम्हाला माहीताय ना?" मला माहीत नव्हतं. मला त्याचे पाय कुठले तेही सांगता आलं नसतं. "घरी अक्कम्मा आजी एकट्याच असतात की दिवसभर, मी येता-जाता बघतच असतो," तो म्हणाला. तो हे रोजच करतो. त्या दिवशी मात्र ते वाक्य मी तीनदा मनात उलटंपालटं करून बघितलं: काळजीनं म्हणाला की आठवण करून दिली? पडताळायचं कसं? मी 'बघते' म्हणाले आणि बातमी होती तशी पाठवून दिली.

घरी आईनं दार उघडलं. तिला शेजारच्यांनी फोनवर सगळं दाखवलं होतं. माझ्या दंडावर चार बोटांचे निळे वळ होते, त्यावर तिनं हळद लावली. "याक होगिदी?" ती म्हणाली, कशाला गेलीस मध्ये. मग मराठीत, जणू कानडीत पुरेसं झालं नाही, "तुझे अप्पा असते तर गेले नसते." तिनं ते कौतुकानं म्हटलं की रागानं, कळलं नाही. दिग्विजयचं दुकान घराच्या खिडकीतून दिसतं. मी खिडकी लावून घेतली, मग उकडू लागलं तरी उघडली नाही.

सकाळी पेपर घेऊन दवाखान्यात गेले. पहिल्या पानावर बातमी, माझा फोटो गोल चौकटीत, त्याखाली त्या बाईचा मोठा. रस्त्यात बसलेली, पदरावर रक्त. मथळा सरांनी दिला होता: 'मुले पळवणारी समजून महिलेला मारहाण, पत्रकार महिलेने वाचवले प्राण'. बायकांच्या वॉर्डात ती शेवटून दुसऱ्या खाटेवर होती. नाव गोजाबाई. माळशिरसकडची, विजापूर रोडच्या मैदानावर पाल टाकून आठ-दहा कुटुंबं राहिली होती. हात प्लास्टरमध्ये, कानाला पट्टी. मी म्हटलं, मावशी, तुमच्यावर अन्याय झाला हे सगळ्या गावाला कळलं, छापून आलंय बघा. तिनं पेपर हातात घेतला, फोटोवर बोट ठेवलं. "ही मीच न्हवं?" "हो." "काय लिवलंय वरती?" मी वाचलं. 'मुले पळवणारी समजून' एवढं झाल्यावर तिनं हात वर केला. "थांबा. ह्ये काडून टाका की. माजं त्वांड काडा ह्यातनं." मी समजावू लागले की तुम्ही निर्दोष आहात असंच लिहिलंय खाली. "खालचं कोन वाचतंय, बाई? आता जाईन त्या गावात त्वांड दिसंल आनि पोरं पळवनारी म्हनत्याल. कुटं कुटं सांगत फिरू?" मी म्हटलं, छापून झालंय मावशी, आता काढता येत नाही. तिनं हात खाली घेतला. म्हणाली, "वाचा. फुडचं वाचा." मी वाचलं. एक मुलगी रस्त्यात एकटी रडत उभी होती, इथपासून शेवटपर्यंत. या वेळी खालून काहीही कापलेलं नव्हतं.

ऐकताना ती छताकडं बघत होती. शेजारच्या खाटेवरची बाईही ऐकत होती. मग गोजाबाई म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "बोट सोडलेलं न्हाय लिवलं तुमी." मी पेपरची घडी घालत होते, ती तशीच राहिली. "मी पलीकडनं बगत हुते की. लेकरानं बोट धरलं तुमचं. म्या म्हनलं, बरं झालं, घावली आय. मग तुमी सोडलं. तवा म्या पाटी उतरवली." माझ्या तोंडातून आलं ते एवढंच, "मी घाबरले होते." "व्हय," ती म्हणाली. "तुमास्नी ठावं हुतं भ्यायाचं. मला न्हवतं. तुमी पेपर वाचता." त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. ती खरंच कारण सांगत होती. मग तिनं मान वळवली आणि म्हणाली, "आमचं मानूस सांजच्याला पाल उठवनार हाय. हात बरा हुईस्तवरबी न्हाय थांबायचं म्हनतोय. म्या त्याला म्हनलं, आता कुनाचं लेकरू हिरीच्या काठाव जरी दिसलं तरी मी बगायची न्हाय." आणि तिनं डोळे मिटून घेतले.

दवाखान्याच्या फाटकाजवळ पोलीस चौकी आहे. मी बाहेर आले, स्कूटीला किल्ली लावली, काढली. चौकीत गेले. आत हवालदार पेपरच वाचत होता. ओळखलं, खुर्ची दिली, मॅडम चहा घ्या म्हणाला. मी म्हटलं, कालचा जबाब द्यायचाय. त्यानं कागद ओढला. मी पहिल्यापासून सांगितलं: मुलीनं माझी करंगळी धरली, मी सोडवून घेतली, अकरा मिनिटं दुकानात लपून बसले. तो लिहिता लिहिता थांबला. "हे घालायची गरज आहे का? यात गुन्हा काही नाही तुमचा." "घाला." त्यानं त्याच्या भाषेत घातलं: सदर महिलेने घाबरून मुलीचे बोट सोडले. वाचून दाखवलं. बरोबर होतं. "मारणाऱ्यांपैकी कुणाला ओळखता?" मी म्हटलं, रसवंतीच्या बाकावरून पहिल्यांदा जो उठला तो दिसला तर ओळखेन. मारताना कुणाला बघितलं नाही, मला फक्त पाय दिसत होते. पण बातमी मोठ्यानं वाचत होता तो आवाज ओळखते. त्यानं मारलं की नाही मला माहीत नाही, तसंच लिहा. वाचत होता आणि तो वाचत असताना तिला मारत होते, एवढं मी ऐकलं. "नाव?" मी दिग्विजयचं पूर्ण नाव आणि दुकानाचा पत्ता सांगितला. "आणि बातमी कुणाची होती तेही लिहा," मी म्हटलं. "माझी." त्यानं लिहिलं, खाली रेघ मारली. "जबाबाची नक्कल त्यांच्या वकिलाला मिळते हं मॅडम, कल्पना असू द्या. तुमचा पत्ता सांगा." मी सांगितला. घर नंबर, गल्ली, बाळीवेस. त्याचं पेन थांबलं. आधीच्या पानावर दिग्विजयचा पत्ता होता, तो त्यानं परत बघितला, मग माझ्याकडं.

"म्हणजे त्याच्याच गल्लीत?"

"हो," मी म्हणाले. "त्याच्याच." आणि सही करायला हात पुढं केला. तो काल ओळखपत्र धरताना थरथरत होता तसाच थरथरत होता, म्हणून दुसऱ्या हातानं मनगट धरून सही केली.